सेट खाली आणलाय

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

दादाकडून घरी परतण्याआधी हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. बाबा, गच्चीवरच्या खोलीतला तुमचा हॅम रेडिओचा, जगभर बोलायचा सेट आम्ही खाली, देवघराशेजारच्या खोलीत आणलाय. दादानं आणि मी ठरवलं, करूनही टाकलं. फोनवर सांगितलं असतं तर 'हात लावायचा नाही' म्हणून तुम्ही फोन ठेवला असता.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, गुडघा तसाच आहे आणि तो लोखंडी जिना पावसात निसरडा होतो. पहाटे जपान लागतंय म्हणून तुम्ही वर चढता, तेव्हा आई अंथरुणात बसून तुमच्या पायऱ्या मोजते. आई, सांगितलं म्हणून रागावू नकोस.

अँटेना जिथल्या तिथे आहे. दोन्हीकडच्या दहा-दहा मीटरच्या तारा तशाच, फक्त सेटपर्यंतची केबल लांबवली. सात मेगाहर्ट्झवर तेवढ्यानं सिग्नल फारसा वाया जात नाही, हे तुमच्याकडूनच शिकले. वेताची खुर्ची तीच, तिच्यावर आईच्या लुगड्याची उशी. मोर्सची की उजव्या हाताला, चष्म्यासाठी खिळा आणि लष्कराच्या सिग्नल्स दलाच्या 'तीव्र चौकस' या ब्रीदाची पाटी समोर. चहा आता जिना न चढता गरम येईल, हे आईच्या बाजूनं!

सामान आणताना क्यूएसएल कार्डांचा, म्हणजे बोलणं झाल्याच्या पोचपावत्यांचा, पत्र्याचा डबा उघडला आणि दुपार गेली. यूएनं सुरू होणाऱ्या कॉलसाइनची रशियाची कार्डं, जेएची जपानची, पाठीमागे तुमचं बारीक अक्षर. डब्याच्या तळाशी 1966 चा जबलपूरचा फोटो: कान बाहेर आलेला सिग्नल्सचा रिक्रूट. 71 चं विचारलं की तुम्ही 'पूर्वेला होतो, निरोप पोचवत होतो' एवढंच म्हणता, आणि 16 डिसेंबरला आईला शिरा करायला लावता. पेन्शनीत आल्यावर लोक शेती करतात, तुम्ही पुन्हा निरोपच पोचवत बसलात. 1993 साली किल्लारीला बॅटरी आणि वायरीचं भेंडोळं घेऊन गेलात, आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या दिवसांची वही मी पहिल्यांदाच पाहिली. एरवी पानोपानी देश आणि सिग्नलचे आकडे. तिथे नुसती औषधांची, तंबूंची, माणसांची यादी. ती वही मी कपाटात वेगळी ठेवलीय, वाळवीपासून लांब.

मला झोप येत नसली की माझ्या पाठीवर बोटानं मोर्समध्ये माझं नाव वाजवायचात, आठवतं? पहिल्या अक्षराच्या दोन लांब दाबांतच मी झोपायचे, पुढचं नाव कधी पूर्ण ऐकलंच नाही.

आता ऐका. डोळ्यांत थेंब वेळेवर, आणि डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत सोल्डरिंगला हात नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्याचं, ईसीएचएसचं कार्ड पाकिटात, कपाटात नाही. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मी येऊन करीन, कुठे रांगेत उभे राहू नका. वळीव गडगडला की केबल काढायची, ती तुम्ही. आई, तू धावायचं नाहीस. गच्चीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. खोली तुमचीच आहे बाबा, पावसाळा संपला की मीच हात धरून वर नेईन.

शनिवारी दादा आणून सोडेल. केबलवरून त्याच्याशी वाद घालू नका, कनेक्टर मी सोल्डर केलेत. आवाज खराब आला तर मला फोन करा.

तुमची,
मनू