उल्कांच्या रात्रीबद्दल घरी पत्र

मिलान, १४ ऑगस्ट

ती. आई-बाबांना सा. न.

परवा रात्री फोन लागला नाही म्हणून आई, तू घाबरलीस, पण मी अगदी सुखरूप होते. ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर लेकोच्या वरच्या डोंगरावर उल्का बघायला गेले होते, तिथे रेंज येत नाही. तिचा नवरा होता, सासूबाई होत्या, पहाटे त्यांनीच गाडीने मला दारापर्यंत सोडलं. स्वेटर होता, जेवणही झालं होतं. एकटी अशी कुठेही जात नाही मी.

तू म्हणशील, तारा तुटताना बघू नये. आजी तर डोळे मिटायला लावायची. इथे नेमकं उलट. १० ऑगस्टला सान लोरेन्झोची रात्र असते. हा संत इ. स. २५८ मध्ये रोममध्ये मारला गेला. निखाऱ्यांवर भाजून मारलं असं सांगतात. त्याच सुमारास उल्का पडतात, म्हणून त्यांना त्याचे अश्रू म्हणतात. त्या रात्री म्हातारी माणसंसुद्धा चादरी घेऊन समुद्रावर, माळावर, जिथे अंधार मिळेल तिथे आडवी होतात. उल्का दिसली की मनात इच्छा धरायची आणि ती कुणाला सांगायची नाही. खरा जोर १२-१३ तारखेला असतो, तरी दहाची रात्र सोडायची नाही. सासूबाई तर दोन्ही रात्री जागल्या. वर बघताना त्यांचे ओठ हलत होते, आणि मला तू देवापुढे बसलेली दिसलीस.

बाबा, तुमच्यासाठी लिहिते. ही सगळी स्विफ्ट-टटल धूमकेतूची धूळ. तो सुमारे १३३ वर्षांनी येतो, १९९२ मध्ये येऊन गेला, आता २१२६ मध्ये. त्याच्या वाटेवरच्या धुळीतून पृथ्वी दर ऑगस्टला जाते. कण बहुतेक वाळूएवढे, पण हवेत शिरतात सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने! या उल्कांचं त्या धूमकेतूशी असलेलं नातं १८६६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्लींनी दाखवलं, आणि ते इथल्याच ब्रेरा वेधशाळेत होते. तुम्ही आलात की पहिल्यांदा तिथेच नेणार आहे. शर्मिष्ठा तारकासमूहाचा 'एम' तुम्ही गच्चीवरून दाखवला होता ना, तिच्या खालच्या ययातीतूनच सगळ्या निघाल्यासारख्या वाटत होत्या. मध्यरात्रीनंतर एक हिरवट उल्का अर्धं आभाळ कापत गेली. ती विझली तरी मागची रेघ क्षणभर तशीच होती. तिकडे आत्ता ढग असणार. डिसेंबरच्या १३-१४ ला मिथुन राशीतल्या बघा, शेतावरून छान दिसतील.

गणपतीला येणं जमत नाहीये. तिकीट फार महाग झालंय आणि रजा डिसेंबरसाठी राखून ठेवलीय. रागावू नका. मोदक इथे करीन, तांदळाची पिठी मिळते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे सोमवारी दादाच्या खात्यावर टाकलेत. लेन्स चांगली घ्या, पैशांकडे बघू नका. कर्जाचा हप्ताही गेलाय. नगरच्या स्थळाला मी नाही म्हणत नाहीये, आई. आधी एकदा त्याच्याशी फोनवर मोकळेपणी बोलू दे, मग पत्रिका वगैरे. परवा काय इच्छा धरली ते मात्र विचारू नकोस.

ऑपरेशनच्या दिवशी बाबांबरोबर कोण जाणार आहे? दादाला सुट्टी मिळत नसेल तर लगेच कळवा, मामाला मी स्वतः फोन करते.

तुमची,
मनू