तारली खय गेली?

सांता बार्बरा, कॅलिफोर्निया

ती. बाबा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही तारली मासळीचं विचारलंत, "इतकी वर्षा चिखल बघतस, मगे सांग, तारली खय गेली?" तेवढ्यात रेंज गेली. ती राहिली असती तरी दोन वाक्यांत सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. दादाने सावकाश वाचून दाखवावं. मधले परिच्छेद गाळू नयेत; गाळायची त्याची खोड मला माहीत आहे.

गोव्यात एमएस्सी करताना दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली फोरॅम बघितले, तेव्हापासून मी याच वाटेवर आहे. फोरॅम म्हणजे समुद्रातला एकपेशीय जीव. त्याचं कवच बहुधा अर्धा मिलिमीटरही भरत नाही. त्यातल्या एका जातीची कवचं थंड पाण्यात डावीकडे वळलेली सापडतात आणि त्याहून उबदार पाण्यात तिच्या जवळच्या जातीची उजवीकडे वळलेली. डावा शंख, उजवा शंख असतो ना, तसंच. समुद्रतळावरच्या गाळाच्या एका थरातली डावी-उजवी मोजली की त्या काळी पाणी किती गार होतं याचा अंदाज येतो. दिवसच्या दिवस मी ओल्या बारीक कुंचल्याने ती वेचत असते. आई, तुला वाटतं मी बोटीवर फिरते. बोट क्वचितच, मान मोडते ती इथेच.

हा गाळ येतो इथल्या किनाऱ्यासमोरच्या खोलगट भागातून. तिथे पाणी जवळपास 600 मीटर खोल आहे. कडा उंच असल्यामुळे तळाचं पाणी नीट बदलत नाही आणि प्राणवायू नसल्यासारखाच. मग चिखल उकरायला किडे नाहीत की खेकडे नाहीत; जो थर बसला तो तसाच राहतो. हिवाळ्यातल्या पावसाने नद्या माती आणतात, तिचा थर काळपट. (इथे पाऊस थंडीत पडतो आणि जूनमध्ये आभाळ कोरडं. अजून सवय झालेली नाही.) वसंतात वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो, खालून गार, सकस पाणी वर येतं, शेवाळ माजतं आणि मरून तळाशी बसतं, तो थर फिकट. अशी दर वर्षाची एक जोडी.

1992 साली जॉइडेस रिझोल्यूशन जहाजाने इथे जवळजवळ 200 मीटर गाळ खणून काढला. त्यात सुमारे 1 लाख 60 हजार वर्षं आहेत. रिचर्ड बेल आणि जेम्स केनेट या शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये दाखवलं की हिमयुगात ग्रीनलंड अचानक उबदार झालं की इथले थर स्पष्ट दिसतात. तिकडे थंडी आली की इथे तळाशी प्राणवायू पोचतो, किडे येतात आणि थर कालवले जातात. पुढे पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरच्या अरबी समुद्रातल्या गाळातही हाच ताल सापडला. तिथे कारण आपला पावसाळा: तो जोरात असला की शेवाळ वाढतं आणि ते कुजताना प्राणवायू संपतो. ग्रीनलंडचा बर्फ आणि आपला मिरग एका धाग्यात, हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता तारली. याच गाळात माशांचे खवले टिकतात. इथली सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण. सुमारे 1,700 वर्षांचे खवले मोजले तर ती नऊ वेळा भरभरून वाढली आणि नऊ वेळा ओसरली. यातलं जवळपास सगळं मोठ्या जाळ्यांच्या आधीचं.

हे ऐकून पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या गोल जाळ्यांच्या बोटीवाले, खूश होतील, पण त्यांनी होऊ नये. इथे कॅलिफोर्नियातच मॉंटेरेला डबाबंद सार्डिनचे कारखाने होते. 1936-37 च्या हंगामात या किनाऱ्यावर सात लाख टनांहून जास्त मासळी काढली. मग समुद्र पालटला, तरी जाळी थांबली नाहीत आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. मासळी पुन्हा दिसू लागायला कित्येक दशकं गेली. माझं मत सांगते: उतरती कळा समुद्राची असेल, पण बियाणं मारायचं काम माणसाचं. केरळात 2012 नंतर तारली घसरली तेव्हा कोचीच्या शास्त्रज्ञांनी एल निनोकडेही बोट दाखवलं आणि अति मासेमारीकडेही. तेव्हा तुम्ही किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या आपल्या रापणकरांच्या सभेत भांडता ते चूक नाही. फक्त "सगळा पर्ससीनवाल्यांनीच खाल्ला" एवढं म्हणू नका.

एक काम आहे. आपल्या उथळ किनाऱ्यावर लाटा आणि किडे गाळ ढवळतात, असे थर टिकत नाहीत. म्हणून आजोबांच्या वेळेपासून रापणीला तारली कधी ढिगाने लागली, कधी अजिबात नाही, ते आठवेल तसं दादाकडून लिहून घ्या. साल आठवत नसेल तर कोणाचं लग्न, कुठलं वादळ, तेवढं चालेल. शेजारच्या म्हाताऱ्यांनाही विचारा. संशोधनाच्या पुढच्या अर्जासाठी मला ते हवंय.

आई, डिसेंबरात येतेय. पोह्याचे पापड आत्तापासून नको करूस, मला गुडघ्यांचं ठाऊक आहे.

तुमची,
बाय