बरगे घालतानाच उन्हाळ्यातले पाणी ठरते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परतीचा पाऊस ओसरला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लाकडी किंवा लोखंडी फळ्या, घालायचे काम सुरू होते. त्याची बातमी झालीच तर आतल्या पानावर दोन ओळींची होते. एप्रिल उजाडला की मात्र नदी कोरडी पडली, उपसाबंदी (नदीतून पंपाने पाणी उचलायला मनाई) लागली, धरणातून पाणी सोडा, असे मथळे रोज दिसतात. एप्रिलमधल्या त्या मथळ्यांचे मूळ बऱ्याच अंशी ऑक्टोबरच्या या कामात असते. ते काम नेमके कसे व्हावे आणि कुठे बिघडते, हे आपल्या वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

आपले हे बंधारे कोल्हापूर पद्धतीचे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्रभर सरकारी कागदांत 'को. प. बंधारा' म्हणून चालते. पात्रात ओळीने खांब, दोन खांबांमध्ये मोकळा गाळा, खांबाच्या अंगाला उभ्या खाचा. त्या खाचांत आडवे बरगे एकावर एक बसवायचे, त्यांच्या दोन रांगा करायच्या आणि मधल्या पोकळीत माती ठासायची, एवढीच ही रचना. दरवाजा नाही, मोटार नाही, वीज नाही. पावसाळ्यात सगळे बरगे काढलेले असतात, त्यामुळे पूर गाळ्यांतून आणि बंधाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि गाळही त्याच्याबरोबर वाहून जातो. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि पाणी उतरल्यावर पुन्हा उभे दिसतात, ते या रचनेमुळेच. मात्र अशा बंधाऱ्याची सगळी भिस्त माणसाच्या हातावर असते. बरगे घालणाऱ्याने हयगय केली तर भिंत कितीही भक्कम असो, पाणी थांबत नाही.

गळती म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. गाळा दोन मीटर रुंद धरा. दोन बरग्यांमध्ये फक्त तीन मिलिमीटरची फट राहिली आणि तिच्यावर दोन मीटर उंचीचे पाणी उभे असेल, तर त्या एका फटीतून सेकंदाला सुमारे २२ लिटर पाणी जाते. दिवसाचे झाले १९ लाख लिटर. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे माप लावले तर चौदा हजार माणसांचे पाणी. मधली माती धरून राहिली तर गळती याच्या कितीतरी खाली येते. माती धुऊन गेली तर मात्र हा आकडा खरा होतो. दुसरे असे, की गळती खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. खोली चौपट झाली तर तेवढ्याच फटीतून दुप्पट पाणी जाते. म्हणून तळाच्या दोन-तीन बरग्यांवर जेवढी मेहनत घ्यावी तेवढी थोडीच. प्रत्यक्षात उलटे घडते. तळ चिखलात असतो, दिसत नाही, म्हणून तिथेच घाई होते आणि वरचे चार बरगे मात्र देखणे बसतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वरच्या बंधाऱ्यातून गळलेले पाणी खालच्या बंधाऱ्यात अडते, मग ते वाया कसे गेले? म्हणूनच दहा बंधाऱ्यांच्या गळतीची बेरीज करून मोठा आकडा सांगणे चूक आहे. पण नुकसान दोन ठिकाणी होतेच. शिरोळच्या खाली पंचगंगेवर अडवायला फार काही उरत नाही, नृसिंहवाडीला ती कृष्णेत मिसळते. दुसरे नुकसान वेळेचे. वरच्या फुगवट्यावरच्या (बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यावरच्या) जॅकवेल, म्हणजे पंपांच्या विहिरी, उघड्या पडल्या की धरणातून पाणी सोडायची मागणी होते. सोडलेले पाणी त्याच फटींतून पुढे निघून जाते आणि आठ-दहा दिवसांत मागणी पुन्हा उभी राहते. राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ते पाणी जूनपर्यंत पुरवायचे तर एकेका आवर्तनातले, म्हणजे धरणातून एका वेळी सोडलेले, जास्तीत जास्त पाणी जागेवर धरून ठेवता आले पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम. बरगे घालायच्या आधी खाच आणि उंबरा साफ करायचा. उंबरा म्हणजे तळाचा बरगा ज्यावर टेकतो तो बांधीव पट्टा. पुरात त्यावर गोटे, वाळू, ओंडके, चिंध्या, प्लास्टिक अडकून बसते. बोटाएवढा खडा जरी तळाच्या बरग्याखाली राहिला तरी तो बरगा एका अंगाला उचललेला राहतो आणि त्याच्यावरचे सगळे बरगे तिरपे बसतात. ही फट नंतर कुणालाही बुजवता येत नाही, कारण तोवर तिच्यावर पाणी चढलेले असते. खाचेतून लोखंडी पहार वरपासून खालपर्यंत फिरवून ती मोकळी झाल्याची खात्री करावी. खाचेची कड झिजली असेल किंवा तिचा टवका उडाला असेल तर डागडुजी उन्हाळ्यात, पात्र कोरडे असताना करावी. ऑक्टोबरात लावलेले सिमेंट पाण्यात टिकत नाही.

मग बरगे. सगळे गाळे मिलिमीटरपर्यंत सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक बरग्यावर गाळ्याचा आणि थराचा क्रमांक हवा. क्रमांक नसले की लांब बरगा ठोकून बसवला जातो आणि आखूड बरग्याच्या टोकाला पाचर मारली जाते. दोन्हीकडून पाणी येते. लाकडी बरगे उन्हाळाभर उघड्यावर टाकले की वाकतात आणि चिरतात. ते सावलीत, जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून रचले तर वर्षानुवर्षे चालतात. घालण्याआधी चार-पाच दिवस पाण्यात भिजवले तर लाकूड फुगते आणि सांधे आवळतात. लोखंडी बरगे कुजत नाहीत, पण फुगतही नाहीत. त्यांची सगळी मदार कडेच्या रबरी पट्टीवर असते. ती पट्टी तुटलेली, सुटलेली किंवा उन्हाने कडक झालेली असेल तर लोखंडी बरगा लाकडीपेक्षा जास्त गळतो. शिवाय लोखंड भंगारात विकले जाते, म्हणून चोरीला जाते. एका गाळ्याचे दोन बरगे कमी पडले तर त्या गाळ्याच्या उंचीइतकाच साठा संपूर्ण बंधाऱ्यात राहतो, बाकीचे गाळे कितीही पूर्ण भरलेले असोत. म्हणून मोजदाद सप्टेंबरमध्येच व्हावी. बरगे घालायच्या दिवशी मोजून उपयोग नाही.

सर्वांत जास्त बिघडते ते मातीचे काम. दोन रांगांमध्ये चिकण माती भरायची असते. मुरूम, वाळू किंवा गवताच्या मुळ्या असलेली वरची माती चालत नाही, कारण मुळ्या कुजल्या की तिथे नळी तयार होते. माती ओलसर हवी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला लडबडू नये. सहा ते नऊ इंचांचा एकेक थर टाकून धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकायचा आणि मगच पुढचा थर. वरून ट्रॉली रिकामी केली तर ढेकळे एकमेकांवर अडून बसतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. पाणी चढल्यावर त्या पोकळ्या खचतात, माती खालच्या बाजूच्या फटीतून गढूळ होऊन वाहू लागते आणि महिन्याभरात दोन्ही रांगांच्या मध्ये फक्त पाणी उरते. बंधाऱ्याखाली पडणारी धार गढूळ दिसली तर माती जाते आहे असे समजावे आणि त्याच दिवशी वरून भर घालावी. आणखी एक चूक सर्रास होते. माती जवळ पडते म्हणून बंधाऱ्याच्या टोकालगतच्या काठातूनच उकरली जाते. पुढच्या पुरात नदी नेमकी त्या खड्ड्यातून वळसा घालते आणि बंधारा जागेवर राहून काठ वाहून जातो. मातीची जागा आधी ठरवावी, काठापासून लांब.

वरच्या बाजूने प्लास्टिकचा कागद लावायची पद्धत पडली आहे. तो काही काळ काम करतो, पण लाकूड-ओंडका लागून फाटतो आणि तुकडे नदीत जातात. पाणी चढल्यावर बारीक फट सापडली तर लाकडाचा भुसा किंवा बारीक राख बरग्याच्या वरच्या अंगाला, फटीच्या खोलीवर सोडावी. पाण्याच्या ओढीने ती फटीत जाऊन बसते. मोठ्या फटीला हा उपाय चालत नाही, तिथे पाणबुड्या उतरवावा लागतो, आणि ते काम जोखमीचे आहे.

वेळेचा प्रश्न नाजूक आहे. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्या सुमारास नदीत स्वतःचा प्रवाह असतो. तो अडवला तर साठा फुकटात भरतो. उशीर झाला तर तेच पाणी धरणातून आणावे लागते. घाई केली तर परतीच्या पावसाचा लोंढा बरगे मोडून नेतो. यावर मार्ग टप्प्यांचा आहे. तळाचे थर आधी, मातीसकट, नीट बसवून घ्यावेत आणि वरचे दोन-तीन थर पावसाचा अंदाज पाहून आठ-दहा दिवसांनी चढवावेत. काढण्याचेही तेच. मे अखेरची ठरलेली तारीख आता पुरत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मेलाच केरळात पोहोचला. बरगे अडकलेले असताना नदी वाढली की त्यांच्यापुढे ओंडके साचतात, पाणी काठाला भिडते, बाजूचा भराव खचतो आणि बरगेही जातात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिथे ५५ फुटांच्या वर गेले. त्या पाण्यात एखादा अडकलेला बरगा काढायला कुणी उतरू शकत नाही.

बंधारा गळतो की नाही, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. प्रत्येक बंधाऱ्यावर मोजपट्टी हवी आणि रोज सकाळी एकाच वेळी नोंद हवी. फुगवटा तीन किलोमीटर लांब आणि सरासरी ६० मीटर रुंद असेल तर एक सेंटिमीटर पाणी उतरणे म्हणजे १८ लाख लिटर. वर सांगितलेली एक फट जवळजवळ एवढेच पाणी रोज नेते. उपसाबंदीचे दिवस या तपासणीला उत्तम. पंप बंद असताना पातळी जितकी उतरते त्यात वरच्या बंधाऱ्यातून आलेले पाणी मिळवायचे आणि बाष्पीभवनाचे काही मिलिमीटर वजा करायचे, उरते ती गळती. लगतच्या सगळ्या बंधाऱ्यांवर एकाच दिवशी नोंद घेतली तर कुठला बंधारा दोषी आहे ते कागदावर उघड दिसते. मक्तेदाराचे बिल 'बरगे घातले' यावर न निघता या नोंदीवर निघावे, ही आमची पहिली मागणी आहे.

गळतीने निदान नदी वाहती राहते, असेही काही जण म्हणतात. नदी वाहती राहिली पाहिजे, यात शंका नाही. नाल्यांतून येणारे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी साठलेल्या फुगवट्यात कुजते, जलपर्णी माजते, मासे तरंगतात. पण गळती हा त्यावरचा उपाय नाही. बरगे वरून काढावे लागतात, त्यामुळे आधी वरचे बरे पाणी जाते आणि तळाचे प्राणवायू संपलेले काळे पाणी मागे राहते. मग तळाचे बरगे एकदम निघाले की ते सगळे एका लोंढ्याने खाली जाते आणि खालच्या बंधाऱ्यातले मासे मरतात. प्रवाह सोडायचाच तर एका गाळ्यातून, थोडा थोडा, वरून ताजे पाणी येत असताना आणि खालच्या गावांना आधी कळवून सोडावा. मुळात सांडपाणी नदीत येण्याआधीच शुद्ध झाले पाहिजे, त्याला पर्याय नाही.

उपशाबद्दल थोडेसे. पंपाला 'ऑटो' लावून ठेवायची सवय मोडली पाहिजे. रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, सरी भरून पाणी ओढ्याला लागते आणि सकाळपर्यंत कुणी बघत नाही. एका एकरावर दोन इंच पाणी म्हणजे दोन लाख लिटर. उसाला ते लागते तेव्हा द्यावे, वीज आली म्हणून देऊ नये. सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी ठिबकसाठी सभासदांमागे लागावे, तसेच आपापल्या फुगवट्यावरच्या बंधाऱ्याच्या मोजपट्टीची नोंदही ठेवावी. पाणी त्यांच्याच पंपांचे आहे.

कोल्हापूर शहराला नोव्हेंबर २०२३ पासून काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने मिळते. त्यामुळे शहरातले लक्ष पंचगंगेवरून उडाले आहे, असे जाणवते. काठावरच्या गावांच्या पाणी योजना आणि शेती मात्र आजही याच बंधाऱ्यांवर उभी आहे.

म्हणून संबंधित यंत्रणेने या हंगामात प्रत्येक बंधाऱ्याचे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत: बरगे किती हवेत, किती आहेत आणि पूर्ण भरल्यानंतर आठव्या दिवशी पातळी किती उतरली. आपल्या दैनिकानेही धरणांच्या रोजच्या पाणीसाठ्याशेजारी हे आकडे छापावेत, ही विनंती.

आपले,
पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेले काही वाचक,
कोल्हापूर