मंदार, गाडी घेतोस ती हिंजवडीच्या रस्त्यासाठी

कोथरूड, पुणे

प्रिय मंदार,

तुझं पत्र परवाच मिळालं. नाशिकचं बिऱ्हाड हलवून तुम्ही सगळे पुण्यात येताय, हे वाचून घरात आनंदीआनंद झाला. आईने तर लगेच काकूंना फोन लावला. घराचं आणि शाळेचं आपण समोरासमोर बोलू. आज फक्त गाडीबद्दल लिहितो, कारण तू बुकिंगचे पैसे भरायच्या बेतात आहेस आणि तुझं मन डिझेलवर बसलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुझ्यासाठी डिझेल नको.

मर्सिडीजची डिझेल जीएलए २२०डी, जी तुझ्या मनात आहे, ती वाईट आहे म्हणून नव्हे. १९५० सीसीचं इंजिन, १९० हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि चारही चाकांना ताकद. ताम्हिणीत ट्रकमागे अडकलास तर पाय जरा दाबायचा अवकाश, गाडी पुढे निघते. शिवाय जुळणी आपल्या चाकणची, त्याचं मलाही अप्रूप आहे. मी रोज दौऱ्यावर असणारा माणूस असतो तर डोळे मिटून हीच घेतली असती. पण तू कोकणात दापोलीच्या घरी जाणार महिन्यातून एखाद्या वेळी. बाकी सोमवार ते शुक्रवार तुझ्या नशिबी चांदणी चौक, बायपास, भूमकर चौक आणि मग हिंजवडीच्या ऑफिसपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणं.

या सरकण्याचं डिझेलशी जमत नाही. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमात बसणाऱ्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला आत साधारण ६०० अंशांपर्यंत उष्णता लागते, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला हवी. भूमकर चौकात ती लय कुठून मिळणार? फिल्टरमधली काजळी जळायला सुरुवात होते आणि नेमकं तेव्हाच तू ऑफिसच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करतोस. आमच्या सोसायटीत एकाच्या गाडीचं असं होताना मी पाहिलंय. चावी काढून माणूस लिफ्टपर्यंत गेला तरी पंखा घोंघावत राहतो, आणि बॉनेटजवळ उभं राहिलं की तापलेल्या लोखंडाचा वास येतो. असं वरचेवर झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. मग रविवारी केवळ फिल्टर साफ व्हावा म्हणून गाडी एक्स्प्रेसवेवर न्यायची. हे तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला वाटतं.

पेट्रोलमध्ये तीन गाड्या बघण्यासारख्या आहेत. जीएलए २०० मध्ये १.३ लिटरचं टर्बो आहे, १६३ हॉर्सपॉवर आणि २७० न्यूटन-मीटर. शहराला ते पुरून उरतं. बीएमडब्ल्यूच्या एक्स१ मधलं दीड लिटरचं तीन सिलिंडरी इंजिन १३६ हॉर्सपॉवरचं. पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना त्याला मेहनत पडते, आणि ती ऐकूही येते. ऑडीने २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर आपल्याकडे डिझेल बंदच केलं, त्यामुळे २०२२ मध्ये आलेली क्यू३ फक्त पेट्रोलची: दोन लिटर, १९० हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन-मीटर, आणि क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. जुळणी संभाजीनगरची. तुमच्या दापोलीच्या घरापुढची जांभ्याची चढण पावसात किती निसरडी होते ते मला आठवतंय. पेट्रोलच घ्यायचं ठरलं तर त्या एका चढणीसाठी मी क्यू३ म्हणेन. फक्त ती पेट्रोल भरपूर पिते, ही तयारी ठेव. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणजे मायलेज आणखी थोडं उतरणार.

आता माझ्या मनातली गाडी. एक्स१ चीच लांब व्हीलबेसची इलेक्ट्रिक आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत ४९ लाख होती. ६६.४ युनिटची बॅटरी, २०४ हॉर्सपॉवर. चाकांमधलं अंतर २८०० मिलिमीटर, साध्या एक्स१ पेक्षा दहा-अकरा सेंटीमीटर जास्त, आणि ती सगळी जागा मागच्या सीटपुढे मिळते. तुझ्या बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना पाय लांब करून बसावं लागतं, हे तूच लिहिलंस. मर्सिडीजची ईक्यूए पण आहे, ७०.५ युनिटची, पण ती २०२४ मध्ये ६६ लाखांना आली, आणि मागे बसणाऱ्याला तेवढी ऐसपैस नाही.

रेंजचे आकडे मात्र शेजारी ठेवून तुलना करू नकोस. एक्स१ चे ५३१ किलोमीटर आपल्या भारतीय चाचणीचे, ईक्यूएचे ५६० युरोपीय चाचणीचे, आणि आपली चाचणी सौम्य असते. तू साडेतीनशे धरून चाल. हिंजवडीला आठवडाभर पुरेल. दापोलीला जाताना घाट उतार, त्यामुळे ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. येताना पुण्याची साडेपाचशे मीटरची उंची चढायची. मी हिशोब मांडून पाहिला. दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला साधारण तीन युनिट लागतात, घर्षणाबिर्षणाचं धरून चार. म्हणजे बॅटरीचा जेमतेम सोळावा भाग! घाटाची भीती मनातून काढून टाक. रात्री गावच्या घरी पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावलीस तरी सकाळपर्यंत वीसेक युनिट भरतील, फक्त अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. चिखलातल्या चढणीवर ही पुढच्या दोन चाकांवरच चालते, हे मात्र खरं. पावसाळ्यात ती खाली रस्त्यालाच उभी करावी लागेल.

कराचाही फरक मोठा आहे. सप्टेंबर २०२५ पासून अशा पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५ टक्केच.

पण एक अट आहे, आणि तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. तुझ्या नव्या सोसायटीत तुझ्या पार्किंगपर्यंत वायर ओढायला परवानगी हवी. तोंडी होकारावर जाऊ नकोस. सेक्रेटरींकडून लेखी घे, महावितरणकडे मीटरची चौकशी कर, आणि मगच बुकिंग. घरी चार्जिंग नसेल तर इलेक्ट्रिक अजिबात घेऊ नकोस, सरळ क्यू३ घे. रोज ऑफिसनंतर बाणेरला चार्जरच्या रांगेत थांबायचं, आणि घरी मुलं वाट बघतायत, हे मला तुझ्यासाठी नको आहे.

टेस्ट ड्राइव्हला बाबा आणि काकू दोघांनाही ने. बाबांना मागे बसव, चढता-उतरताना दार धरून त्रास होतो का बघ. काकूंना घाटात मळमळतं, म्हणून ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आपोआप हळू होते ते सेटिंग सगळ्यात कमीवर ठेवायला सांग. जास्त ठेवलं तर मागे बसणाऱ्याला सारखे हिसके बसतात. पुढच्या शनिवारी येतोस ना? मी सकाळची वेळ घेऊन ठेवतो, चांदणी चौकातून भूगावपर्यंत जाऊन येऊ. तोवर तू त्या परवानगीचं बघ.

बाबांना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास