आईची मूळव्याध आणि ती पिवळी पूड

मँचेस्टर

ती. आईस,
सा. न.

रविवारी वहिनीकडून कळलं, तुला मोड आलेत आणि तू कुणालाच सांगितलं नाहीस. आई, यात लाजण्यासारखं काय आहे? मी ज्या फार्मसीत काम करते तिथे सल्ल्यासाठी एक छोटी खोली आहे. गिऱ्हाइकं काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत थांबतात आणि मग आत येऊन हळूच हेच विचारतात. बाईमाणसंही, दांडगे पुरुषही.

आधी ती बाजारातली पिवळी पूड फेकून दे. मोड जाळून पाडणाऱ्या असल्या औषधांत काय असतं ते कुणी सांगत नाही, आणि तिथली कातडी भाजली तर महिनोन्‌महिने निस्तरावं लागतं. चुना, तुरटी, डेटॉल यातलंही काही लावू नकोस.

मोठ्या टबात कोमट पाणी घे, हाताला सोसेल इतपतच, आणि दहा-पंधरा मिनिटं त्यात बस. सकाळी शौचाहून आल्यावर आणि रात्री झोपताना. नंतर जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्याने नुसतं टिपून घे, चोळू नकोस. वरून थोडं साधं व्हॅसलीन लाव. शौचाला जाण्याआधी लावलंस तर खरचटणंही कमी होईल. सूज जास्त वाटली तर बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा वेळ धर.

दुखणं फारच असेल तर लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणारं, मलम चालतं, पण थोडे दिवसच. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबमध्ये त्याच्यासोबत स्टेरॉइडही असतं. त्याने खाज, सूज पटकन उतरते, म्हणून माणसं महिनोन्‌महिने लावत राहतात आणि कातडी पातळ होते. सात दिवसांच्या वर नाहीच. काहींत फिनाइलएफ्रिनही असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं. तुला बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नको.

मलमाने आराम पडतो, मोड जात नाहीत. कुंथावं लागतंय तोवर ते परत येणारच. रात्री इसबगोल घे, पण त्यावर भरपूर पाणी पी, नाहीतर उलट घट्ट होईल. आणि हिमोग्लोबिनसाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला खडा होतो. मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील.

आता रक्ताचं. वहिनी म्हणाली, दोनदा पडलं. मूळव्याधीचंच असेल बहुधा, पण बासष्टाव्या वर्षी नुसतं गृहीत धरायचं नाही. आतड्याच्या कर्करोगातही असंच रक्त जातं आणि वरून बघून फरक कळत नाही. या आठवड्यात सर्जनला दाखव. बाई डॉक्टर हव्या असतील तर दादाला आधी चौकशी करायला सांग. रक्त थांबत नसेल, चक्कर आली, शौच डांबरासारखं काळं-चिकट झालं, तर मात्र त्याच दिवशी जायचं.

घरात सध्या जी ट्यूब आहे तिच्या मागच्या बाजूचा फोटो वहिनीला आजच पाठवायला सांग. बारीक अक्षर नीट दिसलं पाहिजे. मी वाचून लगेच फोन करते.

तुझी,
शुभा