मौनाला नकाराचे बळ देऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयी मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुरते असते. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा संबंध मात्र येतो तो फेडरल जिल्हा न्यायालयाशी, कारण इमिग्रेशन खात्याने एखादा अर्ज वर्षानुवर्षे तसाच ठेवला, तर त्याविरुद्ध दाद तिथेच मागावी लागते. या न्यायालयातील रिकामी खुर्ची एकटा सिनेटर किती काळ रिकामी ठेवू शकतो, हे मी नॉर्थ कॅरोलायनात राहून पाहिले आहे आणि त्याविषयी मनापासून लिहावेसे वाटते.

राष्ट्राध्यक्षांनी जिल्हा न्यायाधीशपदासाठी नाव सुचवले की सिनेटची न्यायिक समिती त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे एक निळा कागद पाठवते. पसंती किंवा हरकत नोंदवून तो परत करायचा असतो. दोघांपैकी एकाने जरी तो परत केला नाही, तरी समिती सुनावणी ठेवत नाही आणि सुनावणीवाचून नाव मतदानापर्यंत पोहोचत नाही. ही ‘ब्लू स्लिप’ ना राज्यघटनेत आहे, ना सिनेटच्या नियमांत. सुमारे 1917 पासून चालत आलेला हा केवळ प्रघात असून तो किती पाळायचा हे समितीचे अध्यक्ष ठरवतात.

आमच्या राज्याच्या पूर्व भागातील 44 काउंट्यांसाठी असलेल्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीशांची पदे चारच. त्यांतील एक पद 2005 च्या अखेरीस रिकामे झाले आणि ते भरले गेले थेट डिसेंबर 2019 मध्ये. मधली चौदा वर्षे दोन्ही पक्षांच्या राजकारणात गेली, हे खरे. तरीही 2013 सालची गोष्ट मला विसरता येत नाही. ओबामा यांनी जेनिफर मे-पार्कर या सरकारी वकिलांचे नाव पाठवले. त्याच पदासाठी त्यांच्या नावाची शिफारस 2009 मध्ये रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड बर यांनी स्वतः केली होती. आता मात्र बर यांनी निळा कागद परत केलाच नाही, कारणही जाहीरपणे सांगितले नाही, आणि मे-पार्कर यांची सुनावणी कधी झालीच नाही. पुढे 2016 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती पॅट्रिशिया टिमन्स-गुडसन यांचे नाव आले, तेही बर यांच्या विरोधामुळे अडले. या दोघीही कृष्णवर्णीय. ज्या भागातील सुमारे चौथा हिस्सा लोक कृष्णवर्णीय आहेत, तिथल्या या न्यायालयात तोवर एकही कृष्णवर्णीय न्यायाधीश झालेला नव्हता. भारतात ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कॉलेजियमने नेमणुकीसाठी पाठवलेली नावे दिल्लीत सरकारकडे उत्तराविना पडून राहतात, ते पाहणाऱ्या वाचकांना ही तऱ्हा अनोळखी वाटणार नाही.

या कागदाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट फार खटकते. पूर्वी त्यावर स्पष्ट छापलेले असे की आठवड्याभरात उत्तर आले नाही, तर सिनेटरची हरकत नाही असे धरले जाईल. मौन म्हणजे संमती, हाच त्याचा अर्थ होता. सिनेटरने हरकत घेतली तरी समिती आपले काम पुढे नेत असे. शाळांमधील वर्णभेद न्यायालयांच्या आदेशांनी मोडला जात असताना, 1956 ते 1978 या काळात, मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड समितीचे अध्यक्ष होते. वर्णभेदाचे ते उघड पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीत दोन्ही कागद परत आल्याशिवाय नाव पुढे न नेण्याची पद्धत रुळली आणि मौनाचा अर्थ नकार असा झाला.

तरीही ही प्रथा मोडीतच काढावी, या मताचा मी नाही. अपील न्यायालयांच्या नेमणुकांसाठी समितीचे अध्यक्ष चार्ल्स ग्रासली यांनी ती 2017 मध्ये सैल केली, तेव्हापासून तिथे राज्याच्या सिनेटरांच्या विरोधाला फारशी किंमत उरलेली नाही. खालच्या न्यायालयांच्या नेमणुका 2013 पासून साध्या बहुमताने होतात. त्यामुळे अल्पमतातील पक्षाशी आधी बोलून घ्यायला राष्ट्राध्यक्षांना भाग पाडणारे साधन म्हणून जिल्हा न्यायालयांपुरता हा निळा कागदच काय तो शिल्लक आहे. ट्रम्प यांनी 2025 मध्ये ही प्रथा बंद करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या ग्रासली यांनी तो मानला नाही, याचे मला समाधान वाटते. स्थानिक वकीलवर्गात कोणाचे नाव चांगले आहे, कोणाविषयी तक्रारी आहेत, हे वॉशिंग्टनपेक्षा त्या राज्याच्या सिनेटरला अधिक ठाऊक असते.

पण ठाऊक असेल, तर त्याने ते लिहून द्यावे. हरकत घ्यायची असल्यास ठरलेल्या मुदतीत, कारणासह आणि जनतेला वाचता येईल अशा रीतीने घ्यावी. ज्याच्या नावाला हरकत आहे त्याला समितीपुढे उत्तर देण्याची संधी मिळावी. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही की कायदा लागत नाही. समितीच्या अध्यक्षांनी निळ्या कागदावरची ती जुनी ओळ, आठवड्याऐवजी हवी तर साठ दिवसांची मुदत घालून, पुन्हा छापायला द्यावी.

आपला नियमित वाचक,
कॅरी, नॉर्थ कॅरोलायना