मांजराच्या नावावर कापलेली अनामत रक्कम: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, भाडेकरू विभाग

विषय: मांजराने केलेल्या नुकसानीचं कारण देऊन संपूर्ण अनामत रक्कम कापून घेतल्याबद्दल

महोदय/महोदया,

तुमच्या कंपनीमार्फत घेतलेल्या घरात मी 4 वर्षं राहिले. घर रिकामं करून चाव्या दिल्या आणि 26 व्या दिवशी तुमचा मेल आला. 'मांजरामुळे झालेलं नुकसान, रंगकाम, दरवाजे व दुर्गंधी निवारण' अशी एकच ओळ, तिच्यासमोर एक आकडा, आणि खाली 'परत देय रक्कम: शून्य'. भाड्याची अनामत गेलीच, शिवाय मांजर ठेवायची लेखी परवानगी देताना तुम्ही वेगळी घेतलेली अनामतही गेली. कोणत्या खोलीत काय काम केलं, त्याला किती लागले, काही नाही. ना बिल, ना फोटो.

मला जे मान्य आहे ते आधी सांगते. माझ्या मांजराने, चिंगीने, खिडक्यांच्या 2 जाळ्या फाडल्या आणि झोपायच्या खोलीच्या दाराची चौकट जमिनीपासून दीडेक फुटापर्यंत ओरबाडली. हे मी घर सोडायच्या आधीच तुमच्या निरीक्षकांना स्वतः दाखवलं होतं. जाळ्या बदलण्याचा आणि त्या एका चौकटीला लांबी (पुट्टी) भरून पॉलिश करण्याचा खर्च माझा. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मात्र चौकटीचं कारण नोंदवून ठेवते. बाथरूमची गळती दुरुस्त करायला तुमची माणसं आली तेव्हा मांजर खोलीत बंद ठेवा असं मला सांगितलं गेलं. काम 2 दिवस चाललं. मांजर नखं घासतं ते खोडी म्हणून नाही. नखावरचं जुनं आवरण त्यामुळे निघतं, अंग ताणलं जातं, आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे राहतो; ही जागा माझी, अशी ती खूण असते. एरवी हे सगळं चिंगी सुंभ गुंडाळलेल्या खांबावर करायची. तो खांब बाहेरच्या खोलीत राहिला आणि ती आत अडकली. तरीही ओरखडे माझ्याच मांजराचे आहेत, म्हणून भरपाई माझी, हे मी वर म्हटलंच आहे. पण मेलमध्ये 'दरवाजे' असं अनेकवचन आहे. बाकीच्या दारांवर एक ओरखडा असेल तर त्याचा फोटो दाखवा.

आता वासाबद्दल, कारण सगळ्यात जास्त मन याच आरोपाने दुखावलं आहे. फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "मांजर पाळलंत म्हणजे भिंतीत वास मुरणारच." ज्या भिंतीबद्दल ते बोलत होते ती बाथरूमला लागून आहे. तिला ओल आली होती, पोपडे सुटले होते, कुबट वास येत होता. त्याबद्दल मी तुम्हाला दोनदा मेल केला होता आणि म्हणूनच तुमची माणसं आली होती. ओलीचा वास आणि मांजराच्या लघवीचा वास यात खूप फरक असतो. मांजराच्या लघवीचा वाळलेला डागही अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की सहसा चमकून दिसतो. अशी तपासणी कोणी केली का? केली असेल तर अहवाल द्या.

आणि खरोखरच तिथे लघवी मुरली असती, तर नुसता नवा रंग देऊन काय साधलं असतं? त्या लघवीत युरिक ॲसिड असतं, त्याचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत. वास गेल्यासारखा वाटतो आणि हवा दमट झाली की परत येतो. त्यावर एन्झाइम असलेलं क्लीनर वापरावं लागतं. तुम्ही ते वापरल्याचा कुठे उल्लेख नाही. म्हणजे रंग ओलीमुळे द्यावा लागला आणि खर्च मांजराच्या नावावर पडला, असंच मला दिसतं.

चिंगीची नसबंदी झालेली आहे. तिने तिच्या शी-शूच्या ट्रेबाहेर लघवी केली ती फक्त दुसऱ्या वर्षी, मूत्राशयाला सूज आली होती तेव्हा, आणि तीही माझ्याच पायपुसण्यावर. ते मी फेकून दिलं, खालची लादी धुतली, चिंगीवर उपचार केले. पशुवैद्यांचे कागद सोबत जोडले आहेत.

रंगाचा हिशोब एकदा नीट करू या. मी राहायला आले तेव्हाच्या तुमच्या यादीत रंगापुढे 'ठीक' लिहिलं आहे, 'नवा' नाही. त्यावर माझी 4 वर्षं गेली. घरातल्या रंगाचं आयुष्य 5 वर्षं धरलं, तरी त्यात उरलं काय होतं? वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारायची नसते, हे तुमच्याच भाडेकरारात लिहिलं आहे. नुकसान झालं असेल तर त्या वस्तूची त्या दिवशी जी किंमत उरली होती, तेवढीच माझ्याकडून मागता येईल. घरमालकांना जुन्याच्या जागी कोरं करून देण्याचा खर्च माझा नाही.

म्हणून माझी मागणी अशी: हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत प्रत्येक कामाचं वेगळं बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो पाठवा, आणि 2 जाळ्या व 1 चौकट यांचा खर्च वजा करून उरलेली सगळी रक्कम माझ्या खात्यात जमा करा. हा खर्च आधी मांजराच्या अनामतीतून वळता करा, ती त्यासाठीच घेतली होती. तसं झालं नाही तर भाड्याचे वाद जिथे सोडवले जातात तिथे मी हे पत्र, माझे दोन्ही मेल आणि घरात येताना-जाताना काढलेले तारखांसह फोटो घेऊन जाईन. फोनवर बोलणं आता नको, उत्तर लेखी द्या.

आणखी एक. माझ्या नव्या घरमालकांनी चौकशी केली तेव्हा तुम्ही त्यांना 'पाळीव प्राण्यामुळे घराचं मोठं नुकसान' असं लिहून कळवलंत. ते वाचून त्यांनी चिंगीला ठेवायची परवानगी अडवून धरली आहे. ती 9 वर्षांची आहे आणि सध्या माझ्या बहिणीकडे एका खोलीत राहते आहे. पैशांचा निकाल लागायला वेळ लागला तर लागू दे, पण ते वाक्य दुरुस्त करून 'खिडकीच्या 2 जाळ्या आणि 1 चौकट' एवढंच त्यांना याच आठवड्यात कळवा.

तुमची माजी भाडेकरू

सोबत: परवानगीपत्र, घर ताब्यात घेतानाची यादी, गळतीबद्दलचे दोन मेल, फोटो, पशुवैद्यांचे कागद